सायबिणीची लाल गिटार

वसईकडच्या फणसाळे गावात समुद्रतारा सायबिणीचं, म्हणजे मारियामातेचं, जुनं चर्च आहे. वेदीच्या डाव्या हाताला सायबिणीची मूर्ती आहे. इतर गावांत मूर्तीच्या पायाशी नवसाच्या मेणबत्त्या नाहीतर मेणाचे हातपाय ठेवलेले असतात. इथे मात्र काचेच्या कपाटात एक लाल इलेक्ट्रिक गिटार टांगलेली आहे. तिचा रंग जागोजागी उडालाय आणि पट्टा दोनदा बदललाय. बाहेरून आलेला माणूस आधी सायबिणीला हात जोडतो, मग गिटारकडे बघतो, आणि मग पुन्हा सायबिणीकडे, तिचं यावर काही म्हणणं असेल अशा आशेनं.

वर्षातून एकदा, सायबिणीच्या सणाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मोठ्या प्रार्थनेला, ही गिटार बाहेर निघते आणि भर वेदीसमोर वाजते. ती इतकी वाईट वाजते की पाहुण्यांना हसू आवरत नाही. त्यात गंमत अशी की गावात चांगले वाजवणारे पुष्कळ आहेत. लग्नाच्या बँडला इथलीच पोरं जातात. पण चांगलं वाजवता येतं एवढ्यावर त्या दिवशी कोणाला गिटारला हात लावू देत नाहीत. पाहुणे हसतात आणि गाव मात्र खाली मान घालून मन लावून ऐकतं. हसल्याबद्दल कोणी रागवत नाही. मिस्सा संपली की चर्चच्या आवारातल्या चिंचेखाली मिंगेलदादा लोपीस पाहुण्यांना बसवून घेतात आणि गोष्ट सांगतात. गोष्ट काही राजामहाराजांच्या काळातली नाही, पण गावानं तिला जुन्या गोष्टीसारखंच वागवलंय, म्हणजे ती प्रत्येक घरात थोडी वेगळी ऐकायला मिळते. मिंगेलदादांची अशी आहे.

गावात ब्रिजिताबाय तुस्कानो नावाची बाई होती. नवरा लवकर गेलेला, पदरात एकच मुलगा, अल्फोन्स. घरी त्याला फोन्सू म्हणत. लाल लुगडं नेसणारी ही बाई एकटीनं केळीची बाग सांभाळायची आणि चर्चच्या गायकवृंदाची ती पुढारी होती. तिचा आवाज असा की मागच्या बाकावर डुलक्या घेणारे पुरुष तिच्या पहिल्या सुराला ताडकन उभे राहत, उभं राहायची वेळ नसली तरी. तिच्या शेजारी पेटी वाजवायला इनासकाका दाब्रे. देवासमोर सूर खालच्या मानेनं जायला हवा, असं दोघांचं ठाम मत. ब्रिजिताबायला स्वतःला हळू आवाजात काही बोलताच येत नसे, ती गोष्ट वेगळी.

फोन्सूला गाण्याचं वेड आईकडूनच आलं, पण गेलं भलत्या दिशेला. मुंबईच्या एका वादकाकडून त्यानं ही लाल गिटार जुनी घेतली, केस मानेवर वाढवले आणि दोन मित्र जमवून बागेतल्या पंपाच्या खोलीत तालीम सुरू केली. म्हणे पंप चालू असला की त्यांना ढोल लागत नसे. आजूबाजूच्या बागांतल्या लोकांनी आधी पंप बिघडला असं समजून मेकॅनिक बोलावला होता.

त्या काळी मिस्सा नुकतीच लॅटिनमधून मराठीत आली होती. देवाला आपली भाषा कळते म्हणून गाव खूष होतं. नवे आलेले फादर हिलरी तर फारच खुषीत होते. तरुण पोरं मिस्सेच्या वेळी आवाराच्या भिंतीवर बसून राहतात, ती आत यावीत म्हणून त्यांनी फोन्सूला सांगितलं की सणाच्या दिवशी अर्पणाच्या वेळचं एक गीत तुम्ही वाजवा. फोन्सूनं कुठलं गीत निवडलं? त्याची आई त्याला मांडीवर घेऊन झोपवताना जे सायबिणीचं गीत म्हणायची, तेच. आईचं गाणं आईला नव्या कपड्यांत दाखवावं, एवढंच त्याच्या मनात होतं, असं सांगतात. तिला आधी सांगितलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. पण त्याला तिला चकित करायचं होतं, आणि ती झालीही.

सणाच्या दिवशी चर्च खचाखच भरलेलं. मंडपवाल्याकडून आणलेला भला मोठा अॅम्प्लिफायर वेदीजवळ ठेवलेला, त्यावर मोठ्या अक्षरांत शुभविवाह. फोन्सूनं बटण दाबलं, तर त्यातून गिटारच्या आधी रेडिओ बोलू लागला. हिरव्या केळ्यांचे घाऊक भाव चालू होते. सगळं गाव बागायतदारांचं. फादरांच्या कुठल्याही प्रवचनाला कधी मिळाली नव्हती एवढी शांतता पसरली. कोणीतरी मागून हळूच म्हणालं की विड्याच्या पानांचेही भाव येऊ देत. फोन्सूनं घाईघाईनं अॅम्प्लिफायरची वायर हलवली, रेडिओ बंद पडला आणि गिटार सुरू झाली.

आणि कशी सुरू झाली. दोन मित्रांतल्या एकानं ढोलावर पहिलीच थाप अशी दिली की छताजवळची कबुतरं एकदम उडाली. सायबिणीचा मुकुट थरथरला. पेद्रू नावाचा म्हातारा वर्षानुवर्षं मिस्सेत झोपत आला होता, तो दचकून जागा झाला आणि थेट कुंपासाराच्या खोलीसमोर जाऊन गुडघे टेकून बसला. आत फादर नव्हते तरी तो बराच वेळ पापं सांगत होता. पोरं भिंतीवरून उड्या मारून आत आली. फादर हिलरी वेदीवर हात जोडून उभे होते, आणि त्यांचा एक पाय झग्याखाली ठेका धरत होता, हे पुढच्या बाकावरच्या बायकांनी स्वच्छ पाहिलं.

ब्रिजिताबायनं दुसऱ्या ओळीला चाल ओळखली. आपलंच गीत. आणि तिच्या मनात आलं की पोरगा चार लोकांत आपली नक्कल करतोय. ती उठली. इनासकाकांनी मेणबत्त्यांच्या वाती कातरायची कात्री पेटीवर ठेवलेली होती, ती त्यांनी तिच्या हातात दिली. ती चालत गेली आणि गीत चालू असताना तिनं गिटारच्या तारा कापल्या. एकेक तार तुटताना अॅम्प्लिफायरमधून जो आवाज आला, तो ऐकलेली माणसं पुढे म्हणत की तसा आवाज पुन्हा कधी ऐकायला मिळू नये.

"देवाच्या घरात मस्करी नको," ती म्हणाली.

फोन्सूनं गिटार गळ्यातून काढली, तिच्या पायाशी ठेवली आणि तो बाहेर पडला. काही दिवसांतच तो जहाजावर नोकरी धरून निघून गेला. त्याचं पत्र आलं नाही, निरोपही नाही. ब्रिजिताबाय गात राहिली. लोकांनी तिची बाजू घेतली, शिस्त हवीच असं म्हटलं, इनासकाकांनी तर जाहीर कौतुक केलं. ती मान डोलावायची. गिटार मात्र तिनं घरी नेऊन भिंतीला टांगली होती. फेकून द्यावी असं रोज वाटे आणि रोज राहून जाई. कधीतरी शेजारणीजवळ ती बोलून गेली की गीताची ती चाल तशी वाईट नव्हती. पण हे बोलायला ज्याच्यापाशी जायचं तो समुद्रात होता.

मग एक दिवस बातमी आली की फोन्सूचं जहाज वादळात सापडलंय आणि त्याचा ठावठिकाणा लागत नाही.

दुपारची वेळ होती. बायका चर्च झाडत होत्या. ब्रिजिताबाय अनवाणी आली, मूर्तीसमोर उभी राहिली आणि नवस बोलली. तो तिनं मनातल्या मनात बोलायला हवा होता, पण तिचा आवाज तो तिचा आवाज. आवाराबाहेरच्या विहिरीवरही ऐकू गेला. ती म्हणाली, "सायबिणी, तूही पोराची आय आहेस. माझा फोन्सू मला दे. मी बंद पाडलेलं गाणं याच जागी, तुझ्या सणाला, त्याच गिटारवर पुरं होईल, आणि मी पुढच्या बाकावर बसून ते ऐकीन."

नवस बोलताना एक चूक झाली, ती तिच्या तेव्हा ध्यानात आली नाही. नवस बोलणारी ती होती आणि वाजवणारा तो. दुसऱ्याच्या हाताचा नवस तिनं आपल्या तोंडानं केला होता.

सायबिणीनं ऐकलं, असं गाव मानतं. जहाज बुडालं, पण माणसं वाचली. बऱ्याच दिवसांनी फोन्सू एस.टी.तून उतरला आणि घरी चालत आला. ब्रिजिताबाय दारात धावली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला, मग त्याचा डावा हात हातात घेतला आणि तिथेच थांबली. जहाजाच्या दोरखंडात सापडून त्याची दोन बोटं गेली होती.

गिटारला डाव्या हाताची बोटं तारा दाबायला लागतात. ती नसली तर उजव्या हाताला कितीही येत असून उपयोग नाही. तिनं नवसाचं सांगितलं तेव्हा फोन्सूनं तो हात फक्त तिच्यासमोर धरला आणि आत निघून गेला. तो घरात राहत होता, तिच्या हातचं जेवत होता, बागेत राबत होता, पण तिच्याशी बोलत नव्हता. चर्चच्या बाजूला तर फिरकतही नव्हता.

ती फादर हिलरींकडे गेली. फादर भला माणूस. त्यांनी सांगितलं की नवस बदलून घेता येतो. तिच्या उंचीची मेणबत्ती लाव, नाहीतर नऊ दिवसांची नोव्हेना कर, देव हिशेब मांडून बसलेला नसतो.

"फादर, मी पोरगा मागितला, तो मिळाला," ती म्हणाली. "बोटं मी नाही तोडली. पण तारा मी तोडल्या. मेणबत्ती लावून काय त्या जोडल्या जाणार?"

मग करणार काय, असं फादरांनी विचारलं. ती म्हणाली की गिटार तिच्या घरातली आहे, आणि घरात धड बोटांचा दुसरा हात आहे. फादरांना समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

तर अशा रीतीनं साठीला आलेली, लाल लुगडं नेसलेली बाई ओट्यावर बसून इलेक्ट्रिक गिटार शिकू लागली. नव्या तारा मुंबईहून आणवल्या. शिकवायला कोणी नव्हतं. पंपाच्या खोलीतले दोघे मित्र तिला घाबरून होते, ते बोलावूनही आले नाहीत. ती आपल्या मनानं तारा दाबायची आणि ओढायची. केळीचे घड तोडून घट्ट झालेली बोटंसुद्धा सोलून निघाली. शेजाऱ्यांचा कुत्रा दुसऱ्या वाडीत राहायला गेला. कोंबड्या अंडी घालायच्या थांबल्या, असंही सांगतात, पण ते शेजारणीचं म्हणणं, आणि तिचं ब्रिजिताबायशी आधीपासून पटत नव्हतं. इनासकाका तर येऊन बोलूनच गेले की बाय, तू आमची पुढारी होतीस, आता गावाचं हसं करतेस. ती वाजवत राहिली.

आतल्या खोलीत फोन्सू हे सगळं ऐकत होता. ज्याला सूर कळतो त्याला बेसूर ऐकण्यासारखी शिक्षा नाही, आणि ही शिक्षा रोज सकाळ संध्याकाळ होती. त्यानं कानावर उशी घेतली, बागेत जाऊन पाहिलं, पंप चालू करून पाहिला. एके संध्याकाळी ती एकाच जागी पुन्हा पुन्हा चुकत होती. शेवटी तो दारात येऊन उभा राहिला.

"दुसरं बोट खालच्या तारेवर," तो म्हणाला.

परत आल्यावर आईशी बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य. ब्रिजिताबायनं वर बघितलं नाही, बघितलं तर तो जाईल अशी तिला भीती वाटली. तिनं दुसरं बोट खालच्या तारेवर ठेवलं. त्या दिवसापासून तो तिला बोटं कुठे ठेवायची ते सांगू लागला. दुसरं काही नाही, फक्त बोटांचं. पण तिला ते पुष्कळ होतं.

तिनं बोटं ठेवायच्या तीन जागा पाठ केल्या, गीताला तेवढ्याच लागत होत्या. अडचण एकच होती. डावा हात दाबायला लागला की तिचा उजवा हात थांबायचा, आणि उजवा चालू केला की डावा सुटायचा. दोन हातांनी दोन वेगळी कामं करणं तिला शेवटपर्यंत साधलं नाही. सण मात्र तिच्यासाठी थांबणार नव्हता.

सणाच्या मिस्सेला गर्दी एवढी की लोक खिडक्यांत बसले. ब्रिजिताबाय वेदीसमोर उभी राहिली. लाल लुगडं, केसांत फूल आणि गळ्यात लाल गिटार. काही हसले, काहींनी क्रूसाची खूण केली. इनासकाकांनी पेटीचं झाकण लावलं आणि ते उठून बाहेर गेले. तिनं पहिली जागा दाबली, तार छेडली, सूर उमटला. दुसऱ्या जागेला हात गोंधळले. तिनं पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडलं. तिसऱ्या वेळी तर बोटं तारांवरून नुसतीच घसरत राहिली आणि अॅम्प्लिफायरमधून घुं घुं असा आवाज येत राहिला. ज्या बाईच्या आवाजाला सगळं चर्च उभं राहायचं ती तिथे मान खाली घालून उभी होती, आणि हसणारेही आता हसायचे थांबले होते.

फोन्सू दाराबाहेर होता. तारा कापल्या त्या दिवसापासून त्यानं चर्चचा उंबरठा ओलांडलेला नव्हता. तो आत आला. बाकांच्या मधून चालत वेदीपाशी गेला, आईच्या उजव्या बाजूला खेटून उभा राहिला आणि त्यानं आपला उजवा हात तारांवर ठेवला.

"आय, तू फक्त दाब," तो म्हणाला. "बाकी मी बघतो."

तिनं दाबलं, त्यानं वाजवलं. एक गिटार, दोन माणसं, दोन हात. ती दाबायला उशीर करी, तो थांबून घेई. तो घाई करी, ती डोळे वटारी. गीत मोडत तोडत पुढे गेलं. मधेच ब्रिजिताबाय गाऊ लागली, आणि तिच्या आवाजाबरोबर सगळं चर्च गाऊ लागलं. गीत पुरं झालं. ती पुढच्या बाकावर बसून ऐकणार होती, तेवढं राहून गेलं. पण त्याबद्दल सायबिणीनं कधी तक्रार केली नाही, असं मिंगेलदादा म्हणतात.

त्यानंतर दरवर्षी सणाला मायलेक असंच वाजवत. तिनं त्याची माफी मागितली का, असं पाहुणे हमखास विचारतात. तोंडानं मागितल्याचं कोणी ऐकलं नाही. आणि तिनं मागितली असती तर गावभर ऐकू आली असती.

इनासकाका मात्र दरवर्षी त्या वेळी उठून बाहेर जात. फोन्सूचं आणि त्यांचं बोलणं कात्रीच्या दिवसापासून बंद होतं. कात्री कोणी दिली ते फोन्सू विसरला नव्हता, आणि दिली ते योग्यच केलं हे इनासकाका सोडायला तयार नव्हते. बांधाला बांध लागून असलेली दोन घरं, पण एकमेकांच्या दारावरून जाताना दोघेही दुसरीकडे बघत.

एका पावसाळ्यात ब्रिजिताबाय वारली. त्या वर्षीच्या सणाला गिटार काढायची नाही असंच सगळ्यांनी धरलं होतं. पण अर्पणाच्या वेळी फोन्सू उठला, गिटार गळ्यात घातली आणि वेदीसमोर जाऊन उभा राहिला. उजवा हात तारांवर ठेवला. डावीकडे जागा रिकामी होती. त्याला ठाऊक होतं की वाजणार नाही. तरी तो उभा राहिला, कारण नवस आईचा असला तरी आता आई नव्हती. चांगले वाजवणारे बरेच होते, पण त्या जागी जायची छाती कोणाची होईना.

तेव्हा पेटीमागून इनासकाका उठले. लोकांना वाटलं की नेहमीप्रमाणे बाहेर जातायत. ते म्हातारे झाले होते, काठी टेकत चालायचे. दाराकडे न जाता ते वेदीकडे वळले आणि फोन्सूच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले. काठी बाजूला ठेवली आणि आपला डावा हात गिटारच्या मानेवर ठेवला. आयुष्यभर पेटीवर फिरलेली बोटं, त्यांना तारा कुठे दाबायच्या ते काय ठाऊक.

"कुठे दाबू, ते सांग," ते म्हणाले.

सांगायचं तर फोन्सूला त्यांच्याशी बोलावं लागणार होतं. मग त्यानं सांगितलं. आणि दोघांनी मिळून ते गीत एवढं वाईट वाजवलं की तसं त्या चर्चमध्ये ना आधी कधी वाजलं, ना नंतर. अख्खं गाव रडत होतं.

पुढे फोन्सूनं गिटार सायबिणीच्या पायाशी दिली आणि एकच अट घातली, ती गावानं पाळली. आजही सणाच्या मिस्सेला ही गिटार दोघं वाजवतात, एक दाबतो आणि एक छेडतो. त्या दोघांना वाजवता येत असलं पाहिजे अशी अट नाही. त्यांचं आपसात बोलणं बंद असलं पाहिजे. मागच्या सणाला दोन जावा होत्या, विहिरीच्या मोटरवरून बिनसलेल्या. त्यांनी सगळं गीत एकाच जागी दाबून काढलं आणि उतरताना एकमेकींवर हसत उतरल्या. काही जोड्या मिस्सेनंतर पुन्हा भांडतात, तेही खरंच आहे, त्यांना पुढच्या वर्षी परत उभं करतात. फणसाळ्यात दोन घरांत बिनसलं तर चूक कोणाची हे आता कोणी फारसं विचारत नाही. लोक विचारतात, यंदा दाबणार कोण.